फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटला त्याचा पेशंट परत भेटला पाहिजे

तुम्ही लिहिलंय की तुमच्या रुग्णालयाला डीएनबी फॅमिली मेडिसिनच्या (एमबीबीएसनंतर तीन वर्षांत फॅमिली डॉक्टर घडवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या) जागा मिळाल्या आहेत, तुम्ही स्वतः फिजिशियन आहात आणि शिकवायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. तुमचा प्रश्न असा: या मुलांना, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांना, सगळ्या विभागांतून आळीपाळीने फिरवलं की फॅमिली फिजिशियन तयार होतो का? मी मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसतं फिरवून होत नाही. मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी, कॅज्युअल्टी ही पोस्टिंग लागतातच, ती चुकवू नका. पण पोस्टिंगमध्ये रेसिडेंटला एक पेशंट बहुधा एकदाच दिसतो. आपण लिहिलेल्या गोळीचं पुढे काय झालं, हे त्याला कधी कळतच नाही. बीपीसाठी एनालाप्रिल लिहिलं. पंधरा दिवसांनी त्या बाईला कोरडा खोकला लागला. तिने गावातल्या डॉक्टरकडून खोकल्याची बाटली आणली, ती संपली, मग दुसरी आणली, मग कुणीतरी छातीचा फोटो काढायला लावला. तोवर आपला रेसिडेंट सर्जरीच्या पोस्टिंगला गेलेला असतो. एनालाप्रिलने खोकला येतो हे त्याला एमबीबीएसपासून पाठ असतं. पण तीच बाई फोटोची पिशवी घेऊन त्याच्या समोर बसली, म्हणजे त्याला ते समजतं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हे: प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या वर्षापासून स्वतःची ओपीडी द्या. आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली खोली, आणि तिन्ही वर्षं तेच पेशंट. तो कुठल्याही पोस्टिंगला असो, त्या दिवशी तो तिथून सुटला पाहिजे. अमेरिकेत १९६९ साली या शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली, आणि तिथल्या रेसिडेन्सीचा कणा अजूनही हीच ओपीडी आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. इतर विभागप्रमुखांची संमती लागते, आणि ती मिळवणं हे तुमचं काम. वार शक्यतो गावच्या बाजाराचा ठेवा. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं एरवीही येतात, त्यांना वेगळं भाडं पडत नाही, म्हणून ती परत येतात. केसपेपरवर रेसिडेंटचं नाव ठळक लिहा, म्हणजे खिडकीवरचा माणूस पेशंटला त्याच्याकडेच पाठवेल. आणि प्रत्येक केसपेपरच्या खाली एक ओळ लिहायची सवय लावा: पुढच्या वेळी काय बघायचं. बघता बघता त्या एका ओळीतून त्याचा विचार तुम्हाला वाचता येऊ लागेल.

तापाचंही तसंच. पहिल्या दिवशी तापाला नाव नसतं. नवीन डॉक्टर घाबरून अँटिबायोटिक लिहितो, कारण उद्या हा पेशंट आपल्याला दिसणार नाही हे त्याला माहीत असतं. परत येईल याची खात्री असेल तर तो थांबायला शिकतो. मात्र "बरं नाही वाटलं तर या" एवढं सांगून भागत नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो. पोटात खूप दुखलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, लेकरू गळून गेलं, तर रात्री असलं तरी यायचं, हे त्याने पेशंटच्या भाषेत सांगावं आणि सोबतच्या माणसाकडून परत म्हणवून घ्यावं. सलाईन लावा म्हणून हट्ट करणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना न रागावता नाही म्हणायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवातीला ओपीडीत पेशंट कमी ठेवा.

आता आपल्या भागाची गोष्ट, जी पुस्तकात मिळणार नाही. बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे पेशंट पाच-सहा महिने गायब. त्याला "उपचार मध्येच सोडणारा" म्हणून मोकळं व्हायचं नाही, हे रेसिडेंटला पहिल्याच पावसाळ्यात शिकवा. गणपतीच्या सुमारास ओपीडीत विचारायला लावा: यंदा उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतली का? कुठल्या कारखान्याला जायलाव? मग गोळ्या तेवढ्या महिन्यांच्या, आणि स्वच्छ अक्षरात एक चिठ्ठी, जी तिकडच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल. औषधही त्या कामाकडे बघून निवडायचं. पहाटे अंधारात उपाशीपोटी उसाच्या फडात उतरणाऱ्या माणसाला ग्लिमेपिराइड ही डायबेटिसची गोळी दिली तर शुगर घसरून तो फडातच पडेल. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक, त्यात ऊन आणि पाणी कमी, म्हणजे किडनीवर घाला. हे रेसिडेंटने स्वतःहून विचारलं पाहिजे.

ऊसतोड करणाऱ्या बायकांबद्दल जास्तच लिहिते, कारण हे मला फार लागतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यामागची वाट एका साध्या ओपीडीतूनच सुरू होते. बाई सांगते, अंगावरून पांढरं जातंय, कंबर भरून येते. फडावर आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, एक दिवस बसली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल. पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही, हे तुमच्या रेसिडेंटला पाठ हवंच. पण त्या बाईला कॅन्सरची भीती कुणी घातली, हे शांतपणे विचारायला, तपासणी करून तिला नीट समजावून सांगायला, आणि जावेला-सासूला बसवून तेच परत सांगायला त्याला यायला हवं. पाडव्यानंतर ती परत आली, पिशवी शाबूत घेऊन आली, की त्याला आपल्या कामाचा अर्थ कळतो.

शिकवायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण फिजिशियनला राउंडची सवय असते म्हणून सांगते. रेसिडेंटच्या ओपीडीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा आणि मधे बोलू नका. पेशंट तुमच्याकडे बघून बोलायला लागला तर मान खाली घाला. तो बाहेर गेल्यावर आधी रेसिडेंटलाच विचारा, तुला काय वाटतं? मग विचारा, कशावरून? त्यानंतर एकच गोष्ट शिकवा, फक्त एक. काय बरोबर केलं ते नेमकं सांगा: "छान केलंस" म्हणून उपयोग नाही, "बीपी घ्यायच्या आधी तिला पाच मिनिटं बसवलंस ते बरोबर" असं म्हणा. आणि उठता उठता दारात पेशंट काय म्हणाला, ते रेसिडेंटने ऐकलं का, तेवढं बघा. "आन् साहेब, झोप बी लागंना" हे वाक्य दारातच येतं.

त्या वाक्यावर थांबायला शिकवणं आपल्या जिल्ह्यांत टाळून चालणार नाही. कर्ज विचारा, पीक विचारा, आणि जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, ते दुसऱ्याच्या ताब्यात देता येईल का, हे त्याच्या बायकोशी बोलायचं. ऊसतोडीला निघालेल्याला सहा महिन्यांच्या गोळ्या, पण जीव द्यायचा विचार येणाऱ्याला एका वेळी आठवड्याच्याच. मधल्या दिवसांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा, आणि पुढच्या बाजाराला तो आला नाही तर आशाताईला फोन.

आशाताईंबरोबर रेसिडेंटला पायी फिरायला पाठवाच. बीडच्या सीमेला लागून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांच्या जोरावर गावं सुधारली. डॉक्टरने त्यांच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे.

इमर्जन्सीबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणत आला आणि पापण्या जड असतील, तर दाताची खूण नसली तरी मण्यार चावला असं धरून चालायचं. विंचू चावल्यावर प्राझोसिन हे औषध द्यायची पद्धत रुजवणारे डॉक्टर हिंमतराव बावस्कर मूळ आपल्या जालना जिल्ह्यातले. त्यांचं काम रेसिडेंटला वाचायला द्या.

थीसिस बाहेरून शोधू नका. त्याच्याच ओपीडीतला विषय द्या. ऊसतोडीला जाऊन आलेल्यांपैकी किती जणांच्या बीपीच्या गोळ्या चालू राहिल्या, किती जणांच्या सुटल्या आणि का, हे त्याने मोजावं. त्यासाठी नोंदी पहिल्या वर्षीच्या दसऱ्याआधी सुरू व्हायला हव्यात, म्हणून रेसिडेंट रुजू झाला की त्याच आठवड्यात रजिस्टर आखून द्या.