स्टाइल बदलावीशी वाटतेय, बदलू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी 26 वर्षांचा, नाशिकला असतो. शाळेपासून शोतोकान कराटे करतोय, सध्या ब्राऊन बेल्ट. काता (एकट्यानं करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम) कधीच मनापासून आवडले नाहीत पण करतो, आणि कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, पण जरा जवळ गेलो की रेफरी "यामे" म्हणून थांबवतो तिथंच माझा मूड जातो, कारण मला समोरच्याला धरून पाडावंसं वाटतं. मध्यंतरी मित्राबरोबर एका ज्युदो क्लासला गेलो, तास कसा गेला कळलंच नाही. घरचे म्हणतात ब्लॅक बेल्ट तोंडाशी आलाय आणि आता कुठं सोडतोस, सर म्हणतात एकाच स्टाइलला चिकटून राहणारा पुढे जातो, आणि मित्र म्हणतो ज्युदो नको, ब्राझिलियन जिउजित्सू कर. काय करू?

उत्तर : "धरून पाडावंसं वाटतं" हे तू इतकं सहज लिहून गेलास, पण तुझं उत्तर तिथंच आहे रे. प्रत्येक स्टाइलचं आपलं एक अंतर असतं. तायक्वांदोवाला पाय पोचेल तेवढ्या लांबून खेळतो, शोतोकानवाला एका झेपेवरून आत शिरतो आणि लगेच बाहेर येतो, मुएथाईत मान धरून गुडघा मारतात, ज्युदोत हात कॉलरला आणि बाहीला, जिउजित्सूचा बराचसा खेळ जमिनीवर. आपला पिंड यातल्या एखाद्याच अंतराशी नीट जुळतो आणि तुझं नेमकं असं होतंय की तू तुझ्या अंतरात पोचलास की कराटेच्या नियमांनी फाइट थांबते. यात कराटे वाईट असं काहीच नाही, आणि तू धरसोड करतोयस असंही नाही.

सरांचा मुद्दा मी हलका घेत नाही, दर चार महिन्यांनी क्लास बदलणाऱ्याच्या हाती खरंच काही लागत नाही. पण तू इतकी वर्षं एका जागी टिकून मग विचारतोयस, हे वेगळं. आणि ज्यांची नावं आपण आदरानं घेतो ते तरी कुठं एकाच जागी थांबले? जिगोरो कानो आधी जुन्या जुजुत्सूचं तेन्जिन शिन्यो-र्यू हे घराणं शिकले, मग कितो-र्यू या दुसऱ्या घराण्याकडे गेले, आणि 1882 मध्ये दोन्हीतलं घेऊन ज्युदो उभा केला. मासुतात्सु ओयामा शोतोकानचे जनक फुनाकोशी यांच्याकडे शोतोकान शिकले, नंतर गोजू-र्यू ही कराटेचीच दुसरी स्टाइल केली, मग त्यांची स्वतःची क्योकुशिन स्टाइल आली.

बेल्टचं म्हणशील तर क्यू (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या) आणि दान (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) ही पद्धत मुळात कानोंच्या ज्युदोतली, कराटेत ती फुनाकोशींनी तिथूनच आणली. एक्झाम दोन-तीन महिन्यांवर असेल आणि तयारी झाली असेल तर देऊन टाक, मनाला रुखरुख नको. वर्षभर लांब असेल तर मात्र फक्त पट्ट्यासाठी थांबू नकोस.

आता ज्युदोत जाताना काय बरोबर येतं आणि काय नाही ते सांगते. आशी-बराई येतं, तू कराटेत जो पाय झाडतोस तोच ज्युदोत दे-आशी-बराई, टायमिंगची नजर तुला आधीपासून आहे. कमरेतून जोर काढायची सवय येते, अंतर ओळखणं येतं. लांब झेनकुत्सु-दाची मात्र विसरावी लागेल, तेवढा पाय पुढं टाकून उभा राहिलास की समोरचा तो उचलून न्यायलाच बसलाय. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पडणं, उकेमी. हनुवटी छातीला, हात मॅटवर सपाट आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. सुरुवातीला नुसतं हेच करून घेतात आणि ब्राऊन बेल्टवाल्याला तिथं पांढरा पट्टा बांधून कोपऱ्यात पडत बसणं जड जातं, पण हे कच्चं ठेवून रांदोरीला, म्हणजे मोकळ्या सरावाच्या लढतीला, उतरू नकोस, खांदा किंवा मनगट जातं. आणि ज्युदोचा जाड गी घे, कराटेचा पातळ कपडा त्या ओढाताणीत फाटतो.

जिउजित्सू पण तिकडूनच आलंय, कानोंच्या कोदोकान या ज्युदो शाळेतले मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले आणि कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडून शिकले. फरक असा की ज्युदोत उभ्यानं फेकून पाठीवर पाडलं की इप्पोन, खेळ संपला, आणि जिउजित्सूत खाली गेल्यावर खरा खेळ सुरू होतो, हळू, डोकं लावून, समोरचा टॅप करेपर्यंत, म्हणजे हात थोपटून हार मानेपर्यंत. तुला पाडायचंय, म्हणून मी ज्युदो म्हणेन. तरी दोन्हीकडे थोडे थोडे दिवस जाऊन बघ, आणि बघताना स्टाइलपेक्षा क्लास बघ : नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात जड माणसासमोर उभं करतात का, टॅप केल्यावर हात लगेच सोडतात का, शिकवणारे सर स्वतः मॅटवर असतात का. चुकीच्या क्लासमध्ये चांगली स्टाइल पण नकोशी होते.

आणि जुन्या सरांना स्वतः भेटून सांग, फोनवर नको. इतकी वर्षं शिकवलंय त्यांनी, दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना लागेल.

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची, दोन वर्षं तायक्वांदो केलं, आता तिला तालमीत कुस्ती शिकायचीय. आम्ही साताऱ्याजवळ राहतो. घरात सगळे नाही म्हणतायत. पाठवू का?

उत्तर : पाठवा, अगदी बिनधास्त. तायक्वांदोनं तिला तोल आणि लवचिकपणा दिलाय तो पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडताना, उपयोगी पडेल. घरच्यांना सांगा की बायकांची कुस्ती 2004 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2016 ला रिओत साक्षी मलिकनं पदक आणलं.

फक्त तालमीत मातीबरोबर मॅट आहे का ते विचारा, कारण ऑलिंपिकच्या पद्धतीच्या स्पर्धा मॅटवरच होतात आणि दोन्हीचा अंदाज वेगळा. खाशाबा जाधव तुमच्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. मातीत तयार झालेला एवढा मोठा पैलवान, पण 1948 ला लंडनमध्ये मॅट आणि तिथले नियम नवे होते आणि सहावा नंबर आला, मग त्यावर मेहनत घेतली आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेतलं. अजून कुणी मुली येतात का, कपडे बदलायला वेगळी खोली आहे का हे स्वतः जाऊन बघा. आणि स्पर्धेसाठी लहान मुलांचं वजन उतरवायला लावतात का ते वस्तादांना स्पष्ट विचारा, बाराव्या वर्षी उपाशी ठेवून वजन पाडत असतील तर दुसरी तालीम शोधा.