वाचकांचे प्रश्न : छपराच्या पुलांचे रहस्य

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात मुलीकडे अमेरिकेत गेलो असता तिने आम्हांला व्हरमाँट राज्यातील खेड्यांमधून फिरवून आणले. तेथे ओढ्यानद्यांवर लाकडी पूल असून त्यांवर घरासारखे छप्पर आणि बाजूंना फळ्यांच्या भिंती होत्या. पुलावर बर्फ साचू नये म्हणून हे छप्पर घालतात, असे जावयांनी सांगितले. ते खरे आहे काय? आमच्या वाड्यावरचा साकव दर पावसाळ्यानंतर नव्याने घालावा लागतो. त्यालाही छप्पर घातले तर तो टिकेल काय?
— एक वाचक, सांगे (गोवा)

उत्तर : जावयांचे म्हणणे तेथेही अनेकांच्या तोंडी असते, परंतु वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. हिवाळ्यात वाहतूक बर्फावरच्या घसरगाड्यांतून होत असे आणि कोरड्या फळ्यांवर त्या अडत. त्यामुळे पुलाच्या आत मुद्दाम बर्फ आणून पसरावा लागे. छप्पर आहे ते पुलाच्या लाकडासाठी. वाटसरूला मिळणारा आडोसा हा वरकड लाभ.

या पुलांचा भार पायांखालच्या फळ्यांवर नसून दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लाकडी कैच्यांवर, म्हणजे तिरके वासे जोडून केलेल्या सांगाड्यांवर असतो. तिरके वासे जेथे एकमेकांना मिळतात, तेथील सांध्यांत पाणी मुरले की लाकूड आतून कुजू लागते आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. फळ्या झिजल्या तर बदलता येतात, कैची बदलणे म्हणजे मात्र पूलच नव्याने बांधणे होय. आपल्याकडे मातीच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी माडाच्या चुडतांचे झाप लावतात, त्यामागचा विचार हाच आहे. फिलाडेल्फियातील १८०५ सालचा पूल हा अमेरिकेतील पहिला ज्ञात छपराचा पूल. त्याच्या कंपनीचे प्रमुख, न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरल्यामुळे त्याला आच्छादन मिळाले. पुढे १८२० साली इथिएल टाउन या वास्तुकाराने फळ्या तिरप्या, एकमेकींवर जाळीसारख्या रचून लाकडी खुंट्यांनी जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिला जाड तुळया लागत नसत आणि गावचे सुतारही ती उभी करू शकत, त्यामुळे ती खेडोपाडी पोचली.

उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत निकामी होतो. झाकलेले शंभराहून अधिक वर्षे उभे आहेत. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर यांना जोडणारा सुमारे ४५० फुटांचा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ सालचा असून त्यावरून आजही मोटारी जातात. आग आणि पूर यांच्यापुढे मात्र छप्पर हतबल ठरते. व्हरमाँटमधीलच बार्टन्सव्हिलचा १८७० सालचा पूल ऑगस्ट २०११ मधील आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. तो पुन्हा बांधण्यात आला.

आता आपल्या साकवाविषयी. त्यावर छप्पर घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोफळीची किंवा माडाची खोडे टाकून केलेला साकव मुळातच तात्पुरता असतो, त्याला मोठा धोका वरच्या पावसापेक्षा खालच्या लोंढ्याचा असतो आणि छपराचा खर्च साकवाच्या खर्चाहून अधिक होईल. टिकाऊ काम हवे तेथे गोव्याने लाकूड झाकण्याऐवजी जांभ्या दगडाचा चिरा वापरला. पणजी-रायबंदर दरम्यानचा, व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत १६३३-३४ साली बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा बांध-पूल आजही वापरात आहे. काठावर चिऱ्यांचे पक्के आधार बांधून त्यांवर दरवर्षी केवळ खोडे बदलणे, हा आपल्यासाठी व्यवहार्य मार्ग दिसतो.

पुन्हा तिकडे जाणे झाले, तर कॉर्निश-विंडसर पुलाच्या दर्शनी भागावरची पाटी अवश्य वाचावी. घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड भरा, असे तीवर लिहिले आहे. दुडक्या चालीच्या ठेक्याने पूल हादरून सांधे ढिले होतील, अशी भीती त्या काळी वाटत असे.