वाडा पाडताना निघालेल्या जुन्या वस्तू मुंबईच्या लिलावात विकता येतात का? किती पैसे येतील?

तुम्ही लिहिलंय की परभणीकडचा आजोबांचा माळवदाचा वाडा पाडायला काढला, तेव्हा धान्य साठवायच्या बळदातल्या पेटीत बिदरी सुरई, डबाभर निजामाचे रुपये, दोन जुन्या पैठण्या आणि रविवर्म्याचं सरस्वतीचं चित्र निघालं. पुढं पाया उकरताना एक दगडी मूर्तीही लागली. मी छत्रपती संभाजीनगरला असतो, नाण्यांचा नाद जुना आहे आणि लिलावांत घेणं-विकणं दोन्ही केलेलं आहे. त्या भरवशावर सांगतो.

मूर्ती बाकीच्या सामानातून आजच वेगळी काढा. पेटीतलं सामान तुमच्या घराचं आहे, पण जमिनीतून निघालेल्या वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. किंमत दहा रुपयांच्या वर असली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. जागा आपली, वाडा आपला, हे इथं चालत नाही. तहसीलमध्ये अर्ज द्या, पोच घ्या, मूर्ती निघाली त्या जागेचे फोटो ठेवा. कुणी 'मुंबईची पार्टी आहे, रातोरात नेतो' म्हणत आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. जांब समर्थच्या राम मंदिरातल्या मूर्ती २०२२ साली चोरीला गेल्या होत्या, त्यानंतर आपल्याकडं जुन्या मूर्तीचा विषय निघाला की पोलीस कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे.

आता पेटीतलं सामान. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूला पुरावशेष म्हणतो, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू देशातल्या देशात विकायला बंदी नाही, देशाबाहेर न्यायला मात्र आहे. खाजगी माणसानं पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. त्यामुळं फेसबुकवर दुबईचा कुणी गिऱ्हाईक भेटला तर नमस्कार करून मोकळे व्हा. दगडाच्या, धातूच्या, लाकडाच्या जुन्या मूर्ती, जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडं नोंदणी लागते, आणि अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली की तेही कळवावं लागतं. देवघरातले जुने टाक आणि पितळी देव विकायचा विचार असेल तर हे आधी विचारून घ्या. देव विकायचे का हा तुमच्या घरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही.

रविवर्म्याच्या चित्रानं तुमची झोप उडालेली दिसते, कारण पाच ओळींच्या प्रश्नात त्याचं नाव तीनदा आलंय. ते बहुतेक ओलिओग्राफ असणार, म्हणजे दगडावरून छापलेली प्रत. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. चौकटीतून चित्र बाहेर न काढता खालच्या कडेला बघा, रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं इंग्रजीत बारीक छापलेलं असतं. मग नाणेवाल्याचं भिंग लावा. रंगाच्या जागी बारीक ठिपके दिसले की छापील. कडा शाबूत असतील, वाळवी नसेल, तर प्रतीचे काही हजार येतात. चित्रातल्या लुगड्याला जरतार आणि टिकल्या चिकटवून सजवलेली असेल तर हौशी लोक जास्त देतात. मूळ तैलचित्र असतं तर गोष्ट वेगळी, रविवर्म्याची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत.

सुरईला कुणाला हात लावू देऊ नका. बिदरी म्हणजे मुळात जस्त, त्यात थोडं तांबं. वर चांदी ठोकून बसवतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप लावला की जस्त काळं पडतं, चांदी पांढरी राहते. तो काळा थर हीच त्या वस्तूची अब्रू. जालन्यातल्या ओळखीच्या एका घरी सुनेनं दिवाळीच्या साफसफाईत हुक्क्याचं बूड चिंचेनं घासलं. चांदी झकास चमकली, पण भोवतालचं काळं जाऊन शिशासारखा करडा रंग आला आणि वेलबुट्टी दिसेनाशी झाली. लिलाववाल्यांनी फोटो बघूनच नको म्हटलं. काळं परत करता येतं, पण जाणकाराला ते कळतं. मऊ कोरडं फडकं फिरवा, बस. चांदीची तार बसवलेली आहे की पत्रा कापून बसवलाय तेही बघा. कारागीर पहिल्याला तारकशी म्हणतात, दुसऱ्याला तहनिशान. जाड पत्र्याचं भरीव काम आताच्या बाजारी मालात फारसं बघायला मिळत नाही.

नाण्यांत तुम्हाला वाटतं तेवढं घबाड नाही. चारमिनार छापलेला निजामाचा रुपया, ज्याला हाली म्हणायचे, मराठवाड्यात घरोघरी होता, त्यामुळं तो दुर्मीळ नाही. वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ८२ टक्के. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तीही कमी केली. साध्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त मिळेल. पण एकगठ्ठा सराफाला देण्याआधी चारमिनारच्या कमानीत बघा, तिथं फारसी लिपीतलं एक अक्षर असतं. मीम असेल तर सहाव्या निजामाचा, महबूब अली खानाचा, ऐन असेल तर सातव्याचा, उस्मान अलीचा. उस्मान अलीच्या सुरुवातीच्या रुपयांत ऐन अर्धवट आणि पूर्ण अशा दोन तऱ्हा आहेत, नाणेवाले त्या वेगळ्या धरतात. त्याहून जुनं, फारसी मजकुराचं जाडजूड काही निघालं तर फोटो नीट काढा. मोगलांची टांकसाळ आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत होती, नाण्यावर तिचं नाव खुजिस्ता बुनियाद असं येतं. आणि डब्याच्या तळाशी कागद असतील तर ते फेकू नका. हैदराबाद संस्थान स्वतःच्या नोटाही चालवायचं. चांगल्या अवस्थेतली मोठी नोट अख्ख्या डब्याला भारी पडते.

पैठण्यांबद्दल जीव तुटतो. जरीची तार खरी चांदीची असायची, म्हणून घरोघर फिरणारे लोक जुन्या पैठण्या वजनावर घ्यायचे, जाळायचे आणि चांदी काढायचे. असावलीचा वेल, बांगडी-मोर, सगळं राखेत. पदर उलटा करून बघा, मागूनही नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ असेल तर हातमागाची. घडीवर रेशीम तुटतं, तेव्हा घडी बदला, मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका.

लिलावाची रीत साधी आहे. मुंबईत नाण्यांसाठी टोडीवाला, चित्रं आणि इतर वस्तूंसाठी सॅफरनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू अशी लिलावघरं आहेत. पुढून-मागून, बाजूला पट्टी ठेवून, उन्हात न धरता फोटो काढा आणि पाठवा. ते अंदाजी किंमत सांगतात. राखीव किंमत तुम्ही मिळून ठरवायची, तिच्याखाली माल जात नाही. हातोडा एक लाखावर पडला म्हणून लाख हातात येत नाहीत. कमिशन दहा टक्के ठरलं असेल तर नव्वद हजार, त्यातून विमा आणि फोटोचा खर्चही कापतात, आणि गिऱ्हाइकानं भरल्यावरच पैसे येतात. करारातली कापाकापीची ओळ सही करण्याआधी वाचा. माल गेला नाही तर परत आणायचा खर्च कुणाचा, तेही. घेणारा वरून वेगळा प्रीमियम भरतो, तो लिलावघराचा. जुन्या नोटा-नाणी लाखात घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं म्हणणारा चोर समजा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं चालणाऱ्या या धंद्याबद्दल बँकेनंच २०२१ साली इशारा दिलेला आहे. तांदूळ ओढणारं म्हणून 'चमत्कारी' भांडं विकणारेही त्याच जातकुळीतले.

अजून एक. वाडा आजोबांचा, म्हणजे चुलते, आत्या सगळ्यांचा हक्क आहे. संमतीपत्र आधी करा, नाहीतर लिलावाच्या आदल्या दिवशी एखादा चुलतभाऊ वकिलाची नोटीस पाठवतो आणि ते लिलावघर तुमचा माल पुन्हा घेत नाही. संमतीपत्रातच वस्तू घरात कधीपासून आहे, कुणी आणली, कुठल्या लग्नात घातली ते लिहून घ्या. पैठणी अंगावर असलेला आजीचा फोटो असेल तर तोही जोडा. घेणारा अशाच कागदांवर जास्तीची बोली लावतो. मोठी रक्कम आली तर भांडवली नफ्याचं सीएला विचारा.

पण मूर्तीचा अर्ज सोमवारीच द्या. बाकीचं सामान एवढी वर्षं बळदात होतं, आणखी दोन महिने थांबेल.