सरांवर लिहिताना

प्रिय,

स्मरणलेखाचं काम तुझ्याकडे आलं हे बरं झालं. मसुदा वाचला. तीन पानांतली दोन पानं कर्करोगाच्या आजारपणाने खाल्ली आहेत. सरांच्या आयुष्यात आजाराला एवढी जागा कधीच नव्हती, मग तू कशाला देतोस?

आजार वगळ असं म्हणत नाही, पण तो वर्गात आण. तू लिहिलंस, ‘स्वरयंत्र गमावूनही सर खचले नाहीत.’ यात काय दिसतं? काहीच नाही. स्वरयंत्र पूर्ण काढल्यावर श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूला उघडतात. श्वास तिथूनच. नाक वाटेतून बाजूला पडतं, त्यामुळे वास फारसा येत नाही आणि हवा गाळून, ओलसर होऊन आत जायची सोयही संपते. खडूची धूळ सरळ श्वासनलिकेत. गळ्यावर तो पातळ रुमाल कशासाठी असायचा, हे तुझ्या वाचकाला कळू दे.

आणि मग फळा. ‘मुलांना प्रोत्साहन देण्यासाठी सर त्यांना फळ्यावर बोलवत’ असं तू लिहिलं आहेस. प्रोत्साहन असेल, पण त्याआधी खोकला होता! खडू मुलांच्या हातात गेला तो धुळीमुळे. पुढचं मात्र सरांचं कसब. मुलगा गणितात चुकला की पूर्वी सर तिथल्या तिथे टोकायचे. आता बोलायचं तर आधी हात गळ्याशी न्यायचा, छिद्र अंगठ्याने दाबायचं. तेवढ्या वेळात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, ‘अरे, हातचा राहिला.’ हे सरांच्या लक्षात आलं, आणि मग ते मुद्दाम उशीर करायला लागले. तुझ्या लेखाचा गाभा हा आहे. इथे थांब, हवं तर पानभर लिही.

आवाजाबद्दल ‘कृत्रिम यंत्राच्या साहाय्याने’ एवढंच लिहून सुटू नकोस. गळ्याला टेकवायचं कंप पावणारं यंत्र वेगळं, सरांचं वेगळं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी सिलिकॉनची झडप बसवतात. गळ्यावरचं छिद्र बंद केलं की उच्छ्वास झडपेतून अन्ननलिकेच्या बाजूला जातो, तिथल्या भिंती थरथरतात आणि तोच आवाज. ब्लॉम आणि सिंगर या दोघांनी 1980 मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधीही लोक अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी सोडत बोलायला शिकत. ती विद्या कष्टाची आणि सगळ्यांना साधत नसे. झडप जन्मभर टिकत नाही. ती गळायला लागली की पाणी पिताना ठसका लागतो आणि ती बदलून घ्यावी लागते. सरांच्या अधूनमधूनच्या रजा त्यासाठी असत.

एक परिच्छेद मात्र काढूनच टाक: ‘जिद्दीच्या जोरावर त्यांनी मृत्यूला परतवलं.’ गाठ दूरवर पसरायच्या आत शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार लागू पडले, म्हणून सर वाचले. जिद्द त्यांच्याकडे होतीच, पण त्याच वॉर्डात जे गेले त्यांच्याकडे नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्या घरची माणसंही हा लेख वाचतील.

आता गृहपाठ. आजाराआधीच्या विद्यार्थ्यांना भेट. तू भेटलास ते सगळे नंतरचे, म्हणून लेखातले सर जन्मतःच शांत वाटतात. आधीचे सांगतील, सर भयंकर बोलायचे, तास संपल्याची घंटा झाली तरी थांबायचे नाहीत, आणि ओरडले की शेजारचा वर्गही गप्प व्हायचा. तेही लिही, देव्हाऱ्यात बसवू नकोस. रजेच्या काळात त्यांचे तास ज्यांनी घेतले त्या बाईंनाही विचार. परत आल्यावर सरांनी पहिल्यांदा कोणती वही मागितली, हे त्यांनाच ठाऊक असेल. सेवेची वर्षं कार्यालयातून पडताळून घे, आठवणीवर विसंबू नकोस. उपचारांचा तपशील छापण्याआधी घरच्यांना दाखव. ते नको म्हणाले तर वाद न घालता काढ, फळ्याचा प्रसंग त्याशिवायही उभा राहतो.

आणि सुरुवातीचं ‘काही माणसं दीपस्तंभासारखी असतात’ हे वाक्य खोड. लेख खरा दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतो.

तुझा,
काका