घरी छापायला प्रिंटेबल सीडी कोणती घ्यावी? साध्या सीडीवर स्टिकर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची खंजिरीवरची भजनं जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून झाली आहेत. मे महिन्यात त्यांची पहिली पुण्यतिथी आहे. त्या दिवशी पन्नासेक नातेवाइकांना सीडी द्यायची आहे आणि तिच्यावर आजोबांचा फोटो नि भजनांची यादी हवी आहे. प्रिंटेबल सीडी घ्यावी की साध्या सीडीवर छापील स्टिकर डकवावा, आणि नागपुरात हे घरी जमेल का?

स्टिकर लावू नका. बाकी गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालेल, यात नाही.

मी नागपुरातच लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं काम करतो आणि आजही अधूनमधून छापील डिस्क करून देतो. खालची चकचकीत बाजू तेवढी जपायची, वर काहीही केलं तरी चालतं, असं बहुतेकांना वाटतं. सीडीच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ही जाडी जवळजवळ सगळी पारदर्शक प्लास्टिकची. लेझर खालून या प्लास्टिकमधून वर जातो. रेकॉर्डिंग ज्यात होतं तो रंगाचा थर, त्यावरचा धातूचा आरसा आणि त्यावरचा लॅकरचा पातळ लेप हे सगळं अगदी वर, लेबलच्या लगेच खाली असतं. खालच्या बाजूला बारीक चरा पडला तर प्लास्टिक पॉलिश करून सीडी कधी कधी वाचते. वरून बॉलपेन दाबून नाव लिहिलं तर थेट आरशाला इजा होते. वाया गेलेली एखादी साधी सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. वरून ओरखडा गेलेल्या जागी उजेडाची बारीक रेघ आरपार दिसेल. तेवढ्या जागेवर आता वाचायला काही उरलेलं नाही. डीव्हीडीत हा धोका कमी, कारण ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते आणि माहिती मधोमध राहते.

म्हणून स्टिकरचा गोंद मला नको वाटतो. कागद आणि प्लास्टिक उन्हाने सारखे फुगत-आकसत नाहीत, कडा उचलायला लागतात. उचललेली कड पाहून कोणी स्टिकर ओढला की आरशाचा थर सोबत सोलून येतो. स्टिकर अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला सरकला तरी डिस्कचा तोल जातो. गाणी वाजवताना सीडी मिनिटाला फार तर ५०० फेरे घेते, तिथे निभावतं. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तीच सीडी कित्येक पट वेगाने फिरवतो, तिथे ती थरथरते. आणि गाडीच्या फटीतून आत ओढणाऱ्या प्लेअरमध्ये, मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, सुटलेला स्टिकर अडकला तर सीडी बाहेरच येत नाही.

आता खरेदी. पाकिटावर ‘इंकजेट प्रिंटेबल’ असंच लिहिलेलं हवं. ‘थर्मल प्रिंटेबल’ नावाचा वेगळा प्रकार मिळतो, तो थर्मल प्रिंटरसाठी असतो, घरच्या प्रिंटरची शाई त्यावर धरत नाही. इंकजेटमध्ये मॅट पांढरी आणि ग्लॉसी असे दोन मुख्य प्रकार. तुम्हाला मॅट पांढरी पुरे. शाई लवकर शोषते, चुका कमी दाखवते आणि सहज मिळते. ग्लॉसीवर फोटो उठून दिसतो, पण वाळायला वेळ घेते. ‘वॉटरशील्ड’सारखी पाण्याला दाद न देणारी ग्लॉसी मिळाली तर उत्तमच, तिच्यासाठी अडून बसू नका.

मॅट-ग्लॉसीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे छापायची जागा किती ते बघा. काही डिस्कवर पांढरा लेप मध्यापासून ४६ मिलिमीटर व्यासानंतर सुरू होतो, काहींवर पार २२-२३ मिलिमीटरपासून. दुसऱ्या प्रकाराला ‘फुल फेस’ किंवा ‘हब प्रिंटेबल’ म्हणतात, तोच घ्या. पहिल्यात छापायला साधारण ३५ मिलिमीटरचा पट्टा मिळतो, दुसऱ्यात ४८ चा. आजोबांचा चेहरा अंगठ्याएवढा येणार की नीट ओळखू येईल एवढा, हे या तेरा मिलिमीटरवर ठरतं.

ब्रँडचं म्हणाल तर, आज मिळणाऱ्यांत मी व्हर्बॅटिम घेतो. मोझर बेअरच्या सीडी एकेकाळी आपल्याकडे घरोघरी होत्या, पण ती कंपनी २०१८ साली लिक्विडेशनमध्ये गेली. त्या नावाचा माल कोणी स्वस्तात देत असेल तर तो किती जुना असेल याचा हिशोब करा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत कोऱ्या रेकॉर्डेबल डिस्कचं आयुष्य ५ ते १० वर्षं धरलेलं आहे. कोरी डिस्क पडून राहिली तरी जुनी होतेच. सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी, हीच घ्या. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू कमी उजेड परत पाठवते, जुने प्लेअर ती ओळखत नाहीत.

पन्नास लागणार असतील तर साठ घ्या. सेटिंग बसेपर्यंत आणि बर्निंगमध्ये काही जातातच.

रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट आधी तपासा. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात. तुमची कॅसेट ९० मिनिटांची असेल तर ती पूर्ण एका सीडीत बसणार नाही, निवड करावी लागेल किंवा दोन सीडी. एमपीथ्री करून टाकली तर १२८ केबीपीएसला एका सीडीत बारा तासांच्या आसपास मावतात, पण मग एमपीथ्री न वाचणारे जुने प्लेअर बाद. ज्यांच्याकडे जुना प्लेअर आहे ती बहुधा घरातली वडीलधारी मंडळी, आणि ही भजनं त्यांनाच सगळ्यांत जास्त हवी असतील. म्हणून मी ऑडिओ सीडीच करीन. लॅपटॉपला ड्राइव्ह नसलेल्या भाचे-पुतण्यांना फाइली पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर द्या. बर्न करताना (सीडीवर गाणी उतरवताना) ‘डिस्क अॅट वन्स’, म्हणजे मधे न थांबता आख्खी सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडा, वेग १६ किंवा २४ एक्स ठेवा. ५२ एक्सला घाई करू नका आणि अगदी ४ एक्सलाही जाऊ नका, आजच्या सीडीचा रंगथर त्या वेगासाठी बनवलेलाच नसतो.

भजनांची नावं सीडी-टेक्स्टमध्ये (प्लेअरच्या पडद्यावर गाण्याचं नाव दाखवणारी सोय) देवनागरीत टाकायचा प्रयत्न करू नका. त्या पद्धतीत देवनागरीची सोयच नाही, प्लेअरवर चौकोन नि चिन्हं दिसतील. देवनागरीला जागा एकच, डिस्कचा चेहरा. म्हणून यादी तिथे नीट लावण्यावर वेळ घालवा.

डिझाइन ३०० डीपीआयला करा, १२० मिलिमीटरसाठी १४१७ पिक्सेल लांबी-रुंदी येते. फोटो मधोमध ठेवू नका, भोक नेमकं छातीवर किंवा हनुवटीवर येतं. वरच्या अर्ध्या भागात फोटो, खालच्या अर्ध्या भागात यादी. अक्षरं गोल वळवण्याचा मोह टाळा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वळवलेल्या देवनागरीची वेलांटी एकीकडे नि अक्षर दुसरीकडे जातं. मॅट लेपावर शाई किंचित पसरते. ‘कृष्ण’मधला ष्ण आणि ‘कीर्तन’मधला रफार लहान टाइपात बुजतात, म्हणून ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि जाड फॉन्ट टाळा. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर आख्खं डिझाइन चित्र म्हणून सेव्ह करूनच प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट ठेवा. गडद रंगाने डिस्क भरली की शाई जास्त बसते आणि वाळता वाळत नाही.

प्रिंटर घरी नसेल तर नवा घ्यायची गरज नाही. पीव्हीसीवर आधार कार्ड छापून देणारे जे दुकानदार आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे एप्सनचा एल८०५ किंवा त्याच जातीचा प्रिंटर असतो. डिस्क आणि कार्ड दोन्हींचे ट्रे त्याच फटीत जातात. सीताबर्डीच्या बाजारात किंवा तुमच्या भागातल्या अशा दुकानात जाऊन ‘सीडीचा ट्रे आहे का?’ एवढंच विचारा. रोज कार्डाचा ट्रे वापरात असल्याने सीडीचा कुठल्यातरी खोक्यात पडलेला असतो, त्यांना शोधायला वेळ द्या. छापण्याआधी नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) चेक करायला सांगा, कोरड्या उन्हाळ्यात नोझल लवकर बुजतात. सॉफ्टवेअरमध्ये आतला नि बाहेरचा व्यास पट्टीने मोजून भरा. मोजमाप चुकलं तर शाई मधल्या पारदर्शक प्लास्टिकवर आणि ट्रेवर जाते, आणि पुढच्या डिस्कला लागते.

आधी बर्न, मग तपासणी, मग छपाई, हाच क्रम ठेवा. छापताना हाताळलेल्या डिस्कवर बोटांचे ठसे नि धूळ लागते आणि मग बर्निंग चुकतं. शिवाय बिघडलेल्या सीडीवर छपाई वाया जात नाही.

वाळवण्याचं नागपुरात विशेष सांभाळावं लागतं. मे महिन्यातली बाहेरची हवा एकदम कोरडी, शाईला यापेक्षा चांगलं काय हवं! पण घरात आपण कूलर लावतो. खसमधून येणारी ती गार हवा दमट असते, आणि कूलरसमोर ठेवलेली छापील डिस्क संध्याकाळीही बोटाला चिकट लागते. ज्या खोलीत कूलर नाही तिथे, नुसत्या पंख्याखाली, स्वच्छ चादरीवर छापील बाजू वर करून एकेक मोकळी मांडा. पूर्ण २४ तास तशाच राहू द्या. लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात नेऊ नका, रेकॉर्डिंगचा रंगथर उन्हाने उडतो. आणि ओलसर असताना एकावर एक रचू नका, वरच्या सीडीच्या पोटाला आजोबांच्या फोटोची शाई लागेल.

पाकीट कागदाचं, खिडकीचं घ्या. पीव्हीसीची मऊ पारदर्शक पाकिटं गरमीत छापील बाजूला चिकटतात. कोणाला कोणती सीडी हे लिहायचं असेल तर पाकिटावर लिहा.

मूळ रेकॉर्डिंगच्या वेव्ह फाइली मात्र दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवा. सीडी वाटायला आहे, जपायची ठेव त्या फाइली आहेत. कॅसेटही टाकू नका.

सगळ्या साठ एकदम बर्न करू नका. या आठवड्यात दोनच पूर्ण तयार करा, छापून, वाळवून. एक गाडीत लावून बघा, दुसरी घरातल्या सगळ्यांत जुन्या प्लेअरवर पहिल्यापासून शेवटच्या भजनापर्यंत ऐका, खासकरून शेवटचं, कारण सीडी आतून बाहेर भरत जाते आणि गडबड असली तर बहुधा बाहेरच्या कडेला निघते. तिथे खंजिरी स्वच्छ वाजली की उरलेल्या करायला घ्या.