प्लॅबचा अभ्यास, आणि तुझा शेवटचा प्रश्न

तुझा निरोप चार ओळींचा होता. लातूरला खासगी रुग्णालयात आरएमओ (निवासी डॉक्टर) आहेस, एमबीबीएस होऊन तीन वर्षं झाली, नीट पीजीत दोनदा मनासारखी जागा मिळाली नाही, आता प्लॅब, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी असलेली परीक्षा, देऊन इंग्लंडला यायचं म्हणतोस. अभ्यास कसा करू, एकटं वाटतं का, आणि बायको-मुलाला सोबत आणू की मागाहून. मुलगा चार वर्षांचा. मला ताई म्हणालास आणि मिरजेचाच निघालास, म्हणून तुला तूच म्हणते. उत्तराला तीन रात्री लागल्या, त्या अभ्यासामुळे लागल्या नाहीत.

पात्रता, फी, तारखा, इंग्रजीच्या परीक्षेतले गुण हे सगळं जनरल मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे इथे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर आहे. त्या बाबतीत कुणाचंही ऐकू नकोस, माझंसुद्धा. तिथे नाही तेवढं लिहिते.

पहिला पेपर १८० प्रश्नांचा, तीन तासांचा. मिनिटाला एक प्रश्न. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही मोकळा सोडायचा नाही. आपल्याला ज्ञान कमी नसतं रे, पण आपलं ज्ञान मिरजेच्या कॅज्युअल्टीतलं असतं. विष घेतलेला माणूस आला की आपल्या डोळ्यांपुढे फवारणीचं औषध येतं, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या येतात, हात आपोआप ॲट्रोपिनकडे, त्या विषावरच्या उताऱ्याकडे, जातो. इथे तो माणूस पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन आलेला असतो, दिसायला ठणठणीत, खुर्चीत बसून बोलणारा. गोळ्या घेतल्यापासून चार तासांनी रक्तातली पातळी बघायची, ती आलेखावर मांडायची, चार तासांना लिटरमागे १०० मिलिग्रॅमची रेघ, पातळी रेघेवर किंवा तिच्या वर असली की ॲसिटिलसिस्टीन हा उतारा. मी हे वाचलं होतं, तरी सरावात तीनदा चुकले, कारण बरा दिसणारा रुग्ण मला आजारी वाटतच नव्हता.

अशा जागा शोधून काढ. रक्तदाबाचं पहिलं औषध निवडताना बहुतेकांसाठी ५५ वर्षांची सीमा: त्याच्या आत एसीई इनहिबिटर, वर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, पण टाइप २ मधुमेह असेल तर वय न बघता एसीई इनहिबिटरच. पहिल्यांदा फिट आलेल्या माणसाला सहा महिने गाडी चालवू नका आणि लायसन्सच्या खात्याला कळवा, हे इथे डॉक्टरने सांगायचं असतं. सोळा वर्षांखालच्या मुलीने आईबापांना न सांगता गर्भनिरोधक मागितलं तर काय करायचं, हे इथल्या न्यायालयाच्या १९८५ च्या गिलिक निकालावरून ठरतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि पेपरात गुण इथेच जातात.

पद्धत सांगते. जाड पुस्तकं उघडू नकोस. प्लॅबेबलसारखी एकच प्रश्नपेढी घे आणि ती दोनदा पूर्ण कर. शंका आली की 'नाइस' या इथल्या सरकारी संस्थेची उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं आणि औषधासाठी बीएनएफ हा इथला औषधकोश, बास. चुकलेल्या प्रश्नांची एक दोनशेपानी वही कर. त्यात बरोबर उत्तर उतरवत बसू नकोस. चुकीचा पर्याय आपल्याला का पटला, तेवढं एका ओळीत लिही. माझ्या वहीत महिन्याभराने दिसलं की निम्म्या चुका एकाच जातीच्या आहेत: प्रश्न 'आत्ता लगेच काय करशील' असा असायचा आणि मी निदान पक्कं करणारी तपासणी निवडायची. ते कळल्यावर तीन आठवड्यांत गुण चढले. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा पूर्ण तीन तासांचा पेपर सोडव, परीक्षेच्या वेळेलाच. मी आयसीयूत रात्रपाळी करत पाच महिन्यांत हा पेपर काढला. तुलाही पाच-सहा पुरेत. तोवर नोकरी सोडू नकोस.

दुसरा पेपर मँचेस्टरलाच होतो. सोळा प्रसंग, प्रत्येकाला आठ मिनिटं, दाराबाहेर कागद वाचायला दीड मिनिट. आत रुग्णाचं काम करणारा माणूस आणि एक परीक्षक. गुण तीन भागांत: माहिती काढणं आणि तपासणं, उपचार ठरवणं, माणसाशी वागणं.

मी पहिल्यांदा नापास झाले. आधीच्या दोन भागांत बरी होते, तिसऱ्यात पडले.

परीक्षेतले प्रसंग सांगता येत नाहीत, म्हणून सरावातला सांगते. माझ्यासोबत लागोसहून आलेली एक डॉक्टर राहायची. ती रुग्ण व्हायची. म्हणाली, छातीत दुखतंय. मी सुरू केलं: कधीपासून, कुठे, हातात जातं का, घाम येतो का, सिगारेट ओढता का. सहा मिनिटांत निदान, दोन मिनिटांत उपचार. संपल्यावर ती म्हणाली, "माझा भाऊ याच वयात गेला, हे सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. तू मला बोलूच दिलं नाहीस." मला राग आला. आपल्या सरकारी ओपीडीत दीडशे माणसं बाहेर उभी असतात. एकाचं ऐकताना दुसऱ्याचं लिहायचं आणि तिसऱ्याला हाताने बस म्हणायचं, हेच आपलं कौशल्य. त्या कौशल्यावर मी माणसं वाचवलीत. पण त्या खोलीत ते दोष म्हणून मोजलं जातं, आणि आता मला वाटतं, बरोबर मोजलं जातं.

मग मी काय बदललं ते ऐक. पहिलं पूर्ण मिनिट रुग्णाचं. "बोला, मी ऐकतेय" आणि गप्प. फोनवर स्वतःचा सराव ध्वनिमुद्रित करून रात्री ऐकायचा. फार वाईट वाटतं, पण दुसरं काहीही इतकं शिकवत नाही. तिघांचा गट कर: एक डॉक्टर, एक रुग्ण, एक घड्याळ धरून बघणारा. रुग्ण व्हायची पाळी टाळू नकोस, मी सगळ्यात जास्त तिथेच शिकले. दर दोन आठवड्यांनी माणसं बदल, नाहीतर एकमेकांच्या सवयी सुखाच्या वाटायला लागतात. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली सहानुभूतीची इंग्रजी वाक्यं वापरू नकोस. रडणाऱ्या बाईला तू लातूरला काय म्हणाला असतास ते आधी मराठीत मनात म्हण, मग तेवढंच साध्या इंग्रजीत सांग. आणि प्रत्येक खोलीत एकदा विचार: तुम्हाला नक्की भीती कशाची वाटतेय? हा प्रश्न मी दिवसातून तीसेक वेळा म्हणायची. हा प्रश्न लक्षात ठेव, पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

कागदपत्रांचं थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पदवीवर माझं आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इंटर्नशिपच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. मी मँचेस्टरला होते तेव्हा एका कार्यालयातून एक दाखला निघायचा होता, आणि सदुसष्ट वर्षांचे आबा त्यासाठी सांगलीहून एसटीने चार वेळा गेले. एकदा साहेब मीटिंगला होते. एकदा झेरॉक्सवर सही साक्षांकित नव्हती. एकदा सर्व्हर बंद. चौथ्या वेळी ज्याने दाखला दिला, त्याने कपाटातून काढून दिला. तो तीन आठवडे तिथे तयार पडला होता. आबांनी हे मला तेव्हा सांगितलं नाही, वर्षभराने आईकडून कळलं. तो 'ए' मला आजही झोपू देत नाही. तू आज रात्रीच पदवी, कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट शेजारी ठेव आणि मधल्या नावातलं एकेक अक्षर जुळव. फरक असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच कर, तू तिथे असताना. म्हाताऱ्या माणसांवर टाकून येऊ नकोस.

नोकरीचं खरं चित्रही सांगते. मला २०२३ मध्ये मिळाली तशी आता मिळत नाही. दोन्ही पेपर पास झालेले, नोंदणी झालेले माझ्या ओळखीतले लोक महिनोन्‌महिने अर्ज करतायत. जुलै २०२५ मध्ये इथल्या सरकारने आरोग्याचा दहा वर्षांचा आराखडा काढला, त्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठी इथे शिकलेल्यांना प्राधान्य देणार असं स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्या पेपरानंतर निदान वर्षभर पुरतील इतके पैसे बाजूला असतील तरच निघ.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. काम सुरू झालं की वाटायला वेळ राहत नाही.

आता बायको-मुलाचं.

मी नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हिजिटर व्हिसावर आले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिला सांगलीला आई-आबांकडे ठेवलं, नवरा कुपवाडला कामाला. मँचेस्टरच्या लॉन्गसाइट भागात एका घरात आम्ही सात डॉक्टर, माझ्या खोलीत तिघी. इथे सकाळी साडेदहा म्हणजे हिवाळ्यात तिथे दुपारचे चार, ती बालवाडीतून आलेली असायची. पहिले काही आठवडे अर्धा तास बोलायचो. फोन ठेवताना ती रडायची आणि मग माझा दिवस वाया जायचा. म्हणून मी फोन लहान करत गेले. पंधरा मिनिटं, दहा, पाच. नापास झाल्यावर तर एक दिवसाआड. मीच ठरवलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. मग ती फोनवर यायचीच बंद झाली. आई म्हणायची, खेळतेय. मी म्हणायचे, बरं झालं, रुळली.

भीती कशाची वाटतेय, हे दिवसातून तीस वेळा परक्यांना विचारत होते त्या महिन्यांतली ही गोष्ट आहे. तिला एकदाही विचारलं नाही. मे महिन्यात पास होऊन घरी गेले, तर ती आजीच्या पदराआड उभी राहिली. नोकरीचा व्हिसा भारतातूनच काढावा लागतो, त्यात तीन महिने गेले, ती हळूहळू माझ्याजवळ झोपायला लागली. आणि ऑगस्टमध्ये, तिच्या पाचव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, मी परत निघाले, कारण कामावर रुजू व्हायची तारीख होती.

ऑक्टोबरमध्ये ती आणि नवरा आले. इथे वर्ग ठरतो ३१ ऑगस्टच्या तारखेवर. ती २६ ऑगस्टची. सांगलीत मोठ्या गटात असलेली पोर इथे थेट पहिलीत बसली, वर्गात सगळ्यात लहान, काही मुलं तिच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी. घराजवळच्या शाळेत जागा नव्हती, दोन बस बदलून जावं लागायचं. एक वर्ष खाली बसवा असा अर्ज उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांसाठी करता येतो, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. व्हिसाची साठ पानं मी वाचली होती, हे एक वाचलं नव्हतं.

जूनमध्ये पहिलीच्या मुलांची वाचनाची चाचणी असते. चाळीस शब्द, त्यातले वीस अर्थ नसलेले, शेजारी काल्पनिक प्राण्याचं चित्र. माझी मुलगी सांगलीत दुकानांच्या पाट्या वाचायची, बाराखडी घडाघडा म्हणायची. इथे ती त्या निरर्थक शब्दांना ओढून-ताणून अर्थाचे शब्द करत राहिली आणि नापास झाली. मला बोलावून प्रेमानेच सांगितलं की घरी इंग्रजी बोलत जा. मी ऐकलं. शाळा सांगतेय म्हणजे बरोबरच असणार, असं मला, एका डॉक्टर बाईला, वाटलं. वर्षभर मी माझ्या मुलीशी परीक्षेसाठी शिकलेल्या इंग्रजीत बोलले. आता ती छान वाचते, वर्गात पुढे आहे. आबांचा फोन आला की 'हो आबा', 'नाही आबा' एवढंच बोलते आणि फोन माझ्या हातात देते. ते माझ्याशी बोलताना हसत असतात.

तेव्हा सोबत आणू नकोस. दुसऱ्या पेपराला तू एकटाच ये. पण ती तारीख आणि मुलाच्या शाळेचं वर्ष एकाच कागदावर मांड. पास झाल्यावर भारतात जे महिने मिळतील ते पूर्ण घरी घालव, लोकम (बदली डॉक्टरचं तात्पुरतं काम) करू नकोस. फोनचा अर्धा तास अभ्यासाच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी लिही, आणि तो रडला तरी ठेवू नकोस. त्या दिवशी दोन प्रसंगांचा सराव कमी होईल, होऊ दे.

तुझ्या मुलाचा जन्म कुठल्या महिन्यातला? ऑगस्टचा असेल तर अभ्यास सुरू करायच्या आधी मला कळव, तो अर्ज कसा करायचा ते मी आता पूर्ण वाचलंय.