गर्भपाताबद्दलची भूमिका बदलणारा नेता प्रामाणिक आहे की संधिसाधू, हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न असा आहे की, वर्षानुवर्षे गर्भपाताला विरोध करणारा नेता एके दिवशी त्याच्या बाजूने बोलू लागतो, किंवा नेमके याच्या उलट घडते, तेव्हा त्याचे मन खरोखर बदलले आहे की केवळ मतांचे गणित बदलले आहे, हे सामान्य मतदाराने कसे ठरवावे. मी 2008 पासून डब्लिनमध्ये राहते आणि 25 मे 2018 रोजी गर्भपाताला मनाई करणारी आयर्लंडची आठवी घटनादुरुस्ती रद्द करावी का, यावर जे सार्वमत झाले, त्यात मी मतदान केले आहे. त्या आधीच्या काही महिन्यांत या देशातल्या अनेक मोठ्या नेत्यांना आपले जुने बोलणे आणि नवे बोलणे यांचा मेळ लोकांसमोर घालून दाखवावा लागला, आणि ते मी रोज ऐकत होते, म्हणून उत्तर मुख्यतः आयर्लंडच्या आधारानेच देते.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उठत नाही, कारण महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि तो निवडणुकीचा मुद्दा कधी बनलाच नाही. आयर्लंडमध्ये याच्या उलट घडले. 1983 मध्ये सुमारे 67 टक्के मतदारांनी राज्यघटनेत आठवी दुरुस्ती घातली, ती अशी की, गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या जगण्याच्या हक्काइतकाच मानला जाईल. 1992 मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या एका 14 वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाऊन गर्भपात करून घेण्यापासून रोखण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की आईच्या जिवाला खरा धोका असेल, त्यात आत्महत्येचा धोकाही आला, तर गर्भपात घटनेत बसतो. या निकालाला अनुसरून कायदा करायला पुढे 21 वर्षे लागली. मध्यंतरी सत्तेवर आलेल्या पक्षांनी असा कायदा करणे टाळले, आणि नेत्यांच्या प्रामाणिकपणाचा विचार करताना हे टाळणेही मी हिशेबात धरते, कारण भूमिका न बदलणारा माणूस म्हणजे निष्ठावान माणूस, असे आपण उगाच गृहीत धरतो. त्यांच्यातल्या अनेकांनी भूमिका बदलली नाही याचे कारण एवढेच होते की त्यांनी ती कधी नीट मांडलीच नव्हती.

28 ऑक्टोबर 2012 रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे येथील रुग्णालयात सविता हलप्पनवार वारली. ती बेळगावची, 31 वर्षांची, व्यवसायाने दंतवैद्य होती. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात आपोआप होऊ लागला होता, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होते, तिने आणि तिच्या पतीने गर्भ काढण्याची विनंती केली होती, परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती मान्य झाली नाही, आणि पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरून तिचा मृत्यू झाला. चौकशी अहवालात तिच्या प्रकृतीवरील देखरेखीतल्या त्रुटीही नोंदवल्या गेल्या, ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पण कायदा कधी परवानगी देतो हे डॉक्टरांनाच नक्की माहीत नव्हते, हेही त्याच अहवालांतून पुढे आले. बेळगावच्या मुलीची बातमी डब्लिनमधल्या आम्हा मराठी घरांत कशी पोहोचली असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

राजकारण्यांकडे वळण्याआधी मला एका साध्या बाईबद्दल सांगायचे आहे, कारण मन बदलल्याचे बोलणे कसे असते, हे मी तिच्याकडून ऐकले. आमच्या शेजारी तेव्हा सत्तरीच्या घरातली, दर रविवारी चर्चला जाणारी एक बाई राहत असे. 2018 च्या एप्रिलमध्ये ती माझ्या स्वयंपाकघरात चहाला बसली असताना तिने आपण होऊन सांगितले की, 1983 मध्ये तिने दुरुस्तीच्या बाजूने मत दिले होते, आणि नुसते मत दिले नव्हते, तर गल्लीत दारोदार पत्रकेही वाटली होती. तेव्हा आपण बाळांचा जीव वाचवतो आहोत, असे तिला मनापासून वाटत होते. नंतर तिच्या बहिणीच्या मुलीला पाचव्या महिन्यात कळले की बाळ जन्मल्यावर जगणार नाही, आणि त्या मुलीला नवऱ्याबरोबर जहाजाने लिव्हरपूलला जावे लागले. परत येताना तिच्या हातात काहीच नव्हते, बाळाचे अवशेष नंतर कुरिअरने घरी आले. ती पेटी दारात घेताना शेजारीण स्वतः तिथे होती. तिने मला एवढेच म्हटले की, मी वाटलेल्या पत्रकात हे लिहिलेले नव्हते, पण मी विचारलेही नव्हते.

ते शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. आपण पूर्वी काय मानत होतो हे तिने पातळ करून सांगितले नाही, आपल्याला फसवले गेले असे म्हटले नाही, आणि काय कळल्यामुळे मत बदलले ते नेमके सांगितले. नेत्याचे बोलणे मी आता याच कसोटीवर घासून पाहते: तो आपले जुने म्हणणे पुरतेपणी कबूल करतो का, आणि मधल्या काळात नवे काय कळले हे दाखवू शकतो का? जो नेता सांगतो की माझी भूमिका मुळात अशीच होती, तुम्हीच ती चुकीची समजलात, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, मग तो माझ्या बाजूला आलेला असला तरी.

या कसोटीला माझ्या मते सर्वांत चांगले उतरले ते फियाना फॉल पक्षाचे नेते मिहॉल मार्टिन. त्यांचा पक्ष या विषयात जुन्या वळणाचा. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या विरोधात कौल दिला होता. तरीही 18 जानेवारी 2018 रोजी मार्टिन संसदेत उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की, आजवर आपण या दुरुस्तीत मोठा बदल करण्याच्या विरोधात होतो, परंतु संसदीय समितीपुढे आलेली साक्ष वाचल्यावर आणि बराच विचार केल्यावर आपले मत बदलले आहे. कारणेही त्यांनी मांडली: दुरुस्तीमुळे देशातले गर्भपात थांबलेले नाहीत, बायका इंग्लंडला जातात किंवा इंटरनेटवरून गोळ्या मागवून डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेतात, आणि बलात्कारितेला तिच्यावर झालेला गुन्हा सिद्ध होईपर्यंत थांबवणारा कायदा व्यवहारात चालवता येत नाही. त्यांच्या पक्षाचे बहुसंख्य खासदार पुढे विरोधी बाजूने प्रचारात उतरले. हे भाषण करून मार्टिन यांना स्वपक्षात काहीही मिळण्यासारखे नव्हते, गमावण्यासारखे मात्र बरेच होते. जनमत बदललेले होते हे खरे आहे, पण पक्षनेत्याला आधी पक्ष सांभाळावा लागतो, आणि तो रागावणार हे समोर दिसत असताना त्यांनी तोंड उघडले.

लिओ वराडकर यांच्याबद्दल लिहिताना मला अधिक जपून लिहावे लागते, कारण आपल्या लोकांना त्यांच्याविषयी स्वाभाविक जिव्हाळा आहे. त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले, आणि 2019 च्या डिसेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान असताना वराडकर कुटुंबासह त्या गावी येऊनही गेले. त्यांची वाट लांब आणि पायरीपायरीची आहे. 2010 च्या एका मुलाखतीत त्यांनी बलात्काराच्या प्रसंगीही गर्भपाताला विरोध दर्शवला होता. 2014 च्या डिसेंबरात आरोग्यमंत्री म्हणून बोलताना त्यांनी स्वतःला गर्भपाताच्या विरोधकांतच गणले, पण आठवी दुरुस्ती फार जाचक आहे आणि तिच्यामुळे डॉक्टरांचे हात बांधले जातात, असेही सांगितले. 2018 च्या जानेवारीत पंतप्रधान म्हणून त्यांनी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने प्रचार करणार असल्याचे जाहीर केले. ते स्वतः डॉक्टर आहेत, त्यामुळे मधल्या टप्प्यावर त्यांनी डॉक्टरांच्या अडचणीचे जे कारण दिले, ते मला पटण्यासारखे वाटते. मात्र या विषयावर विचार करायला सामान्य नागरिकांतून निवडलेल्या नागरिक सभेने आणि संसदीय समितीने रस्ता मोकळा करून दिल्यावरच ते शेवटची पायरी चढले, हेही मला दिसते. मी त्यांना खोटे म्हणत नाही, पण मार्टिन यांच्या इतके धाडस त्यांनी दाखवले असेही म्हणत नाही. प्रामाणिकपणा आणि धैर्य हे दोन वेगळे गुण आहेत, आणि नेत्यांना जोखताना आपण त्यांची सरमिसळ करतो.

पुढे मात्र एक गोष्ट घडली, जिच्यामुळे वराडकरांबद्दलचे माझे मत सुधारले. 2018 च्या कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, पण डॉक्टरची पहिली भेट आणि गोळ्या मिळणे यांत तीन दिवस थांबावे लागते. ही अट काठावरच्या मतदारांना धीर यावा म्हणून आधीच जाहीर केली गेली होती. उपपंतप्रधान सायमन कोव्हनी यांना तर सुरुवातीला बारा आठवड्यांची तरतूदच मान्य नव्हती, आणि अशा अटींची खात्री पटल्यावरच त्यांनी आपले मन वळल्याचे मार्चमध्ये सांगितले होते. 2023 मध्ये कायद्याच्या आढाव्यात या थांबण्याची सक्ती काढावी अशी शिफारस झाली, तेव्हा वराडकरांनी अनुत्सुकता दाखवली, कारण सार्वमताच्या वेळी लोकांना हेच सांगून मत मागितले होते. मला स्वतःला ती अट नको आहे. दूरच्या गावातून येणाऱ्या बाईला दोनदा रजा काढावी लागते, आणि या विषयात मी तटस्थ नाही. तरीसुद्धा, जिंकल्यानंतर पाच वर्षांनी, काठावरच्या मतदारांना दिलेला शब्द आपल्याच बाजूच्या लोकांना नाराज करून पाळणारा माणूस 2018 मध्ये केवळ वाऱ्याप्रमाणे पाठ देत होता, असे मला आता म्हणता येत नाही. म्हणून भूमिका बदलल्याच्या दिवशीच निकाल देऊन टाकू नये, चार-पाच वर्षे थांबावे, असे मी म्हणते.

याचाच दुसरा पुरावा उलट दिशेने मिळतो. गर्भपात सेवा देणाऱ्या दवाखान्यांभोवती निदर्शनांना मज्जाव करणारा कायदा आणण्याचे आश्वासन 2018 मध्येच दिले गेले होते, आणि तो अमलात यायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला. आश्वासन देणारे तेच, सत्तेवर बहुतांशी तेच, तरी सहा वर्षे गेली. प्रचारातला उत्साह आणि त्यानंतरची ही दिरंगाई एकत्र पाहिली, तर मन किती खोलवर बदलले होते याचा काहीसा अंदाज येतो.

आपली खरी परीक्षा मात्र तेव्हा होते, जेव्हा नेता आपल्या बाजूकडून पलीकडे जातो. आपल्याकडे आला तर त्याचे डोळे उघडले, आणि पलीकडे गेला तर तो विकला गेला, असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. अमेरिकेतले मिट रॉम्नी हे त्याचे उदाहरण. 1994 मध्ये मॅसॅच्युसेट्समधून सिनेटसाठी टेड केनेडींविरुद्ध लढताना त्यांनी चर्चेच्या मंचावर सांगितले होते की, त्यांच्या जवळच्या नात्यातली एक स्त्री बेकायदा गर्भपातात दगावली होती, आणि म्हणून गर्भपात कायदेशीर व सुरक्षित राहावा असे त्यांना वाटते. 2005 मध्ये, त्याच राज्याचे गव्हर्नर असताना, त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपण गर्भपाताच्या विरोधात असल्याचे जाहीर केले, आणि 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी रिपब्लिकन उमेदवारी मागितली. मूलपेशींच्या संशोधनावर एका शास्त्रज्ञाशी झालेल्या चर्चेमुळे आपले मत बदलले, असे ते सांगत आले आहेत. वेळ सोयीची होती एवढ्यावरून मी त्यांना दोष देणार नाही, कारण राजकारण्याला प्रत्येक वेळ कोणत्या तरी निवडणुकीच्या आधीचीच असते. मला खटकते ते हे की, त्या नातेवाईक स्त्रीचा मृत्यू एके काळी त्यांच्या भूमिकेचा पाया होता, आणि नव्या भूमिकेत त्या मृत्यूचे काय करायचे, याचा उलगडा त्यांच्या बोलण्यातून मला मिळाला नाही.

आणि तरीही माझ्याच कसोटीने मला पुढचे पाहावे लागते. रॉम्नी नंतर यूटाचे सिनेटर झाले, 2020 च्या महाभियोगात स्वतःच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध मत देऊन त्यांनी पक्षाचा रोष पत्करला, म्हणजे एकटे पडण्याची त्यांना भीती नव्हती. गर्भपाताबाबत मात्र ते 2005 च्या भूमिकेवरून हलले नाहीत, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल फिरवला तेव्हा त्यांनी त्याचे समर्थन केले. यूटात त्या भूमिकेची किंमत मोजावी लागत नाही, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही, पण 2008 मध्ये मी त्यांना सरसकट ढोंगी म्हणत असे, ते आता म्हणत नाही. रोनाल्ड रेगन यांनी 1967 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली आणि पुढे जन्मभर विरोध केला, पण त्यांनी त्या सहीचा पश्चात्ताप उघडपणे व्यक्त केला, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

आयर्लंडमधल्या लुसिंडा क्रेटन यांचे नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताची मुभा देणाऱ्या 2013 च्या कायद्याला त्यांनी मंत्री असताना विरोध केला, पक्षादेश मोडला, मंत्रिपद सोडले, आणि 2016 मध्ये निवडणूकही हरल्या. त्यांचे मत मला चुकीचे वाटते, पण त्या आपल्या मताशी किती एकनिष्ठ होत्या याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मतदानाच्या दिवशी मी आणि शेजारीण जवळच्या शाळेत बरोबर गेलो. रस्त्यावर दिव्याच्या प्रत्येक खांबावर दोन्ही बाजूंची पोस्टर होती. मतपत्रिकेवर आयरिश आणि इंग्रजीत प्रश्न छापलेला होता आणि होय किंवा नाही एवढेच निवडायचे होते, माझे काम अर्ध्या मिनिटात झाले, आणि ती बराच वेळ आडोशातून बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली की, होयसमोर फुली करायला तिला काहीच वेळ लागला नव्हता, पण 1983 मध्येही याच शाळेत, याच खोलीत मत दिले होते, म्हणून ती थोडी थांबली. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, 66.4 टक्के मते दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने पडली होती. त्या संध्याकाळी साउथ रिचमंड स्ट्रीटवर सविताचे चित्र रंगवलेल्या भिंतीपाशी ती माझ्याबरोबर आली, आणि लोकांनी डकवलेल्या शेकडो चिठ्ठ्यांमध्ये तिनेही एक चिठ्ठी लावली. तीत काय लिहिले होते ते मी वाचले नाही.